येस म्हणजे हो नव्हे

गजराबाईला घरी बोलवायचं, तर ती निघणार कधी याचा विचार आधी करून ठेवावा लागतो. येते ती अगदी वेळेवर. जायचं म्हणाल, तर बाई उठते, पदर सावरते, "बरं, येस" म्हणते आणि उंबऱ्यात पुन्हा उभी राहते. उंबऱ्यात तिला सुनेच्या माहेरची चौकशी आठवते. मग ओट्यावर "येस". मग रस्त्यावर उतरून, मान वळवून, आणखी एकदा "येस बरं का". अख्ख्या खापर गावात तिची यावरून थट्टा होते. समोरची किराणा दुकानवाली पतासीबाई तर म्हणते, "गजराबेन, तू जाशी तवय आम्ही सयपाक उरकी लेतस."

बाहेरच्या माणसासाठी सांगून ठेवतो. आमच्या अहिराणीत "मी येस" म्हणजे "मी येते". निघताना येते म्हणायचं, हे इकडे कोणी कोणाला शिकवत नाही, ते बोलण्याबरोबरच येतं. दोधू, गजराबाईचा नवरा, रोज पहाटे केळीच्या बागेत जाताना दारातून हेच म्हणायचा. नंदुरबारला दवाखान्यात नेलं तेव्हा गाडीत बसतानाही म्हणाला. तो आला नाही, ही गोष्ट वेगळी. त्यात शब्दाचा काही दोष नाही.

दोधूने एक शहाणपण केलं होतं. रस्त्यावरचं स्लॅबचं घर त्याने बायकोच्या नावावर करून दिलं होतं. शेत भागाने दिलेलं, घर स्वतःचं, समोर पतासीबाई. गजराबाईला आणखी काही नको होतं. याच घरात मरायचं, असं ती चहा पिता पिता सहज सांगायची, त्यात रडगाणं नसायचं.

एकुलता एक मुलगा भूपेंद्र. पोरगा हुशार, त्यात वादच नाही. त्याला शिकायला नाशिकच्या वसतिगृहात ठेवलं. तिथल्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं "मन्हा-तुन्हा" आणि "शे" ऐकून त्याचा जीव नकोसा केला. दिवाळीला घरी आला तो बातम्या सांगणाऱ्यासारखं मराठी बोलत. मायची आई झाली. गजराबाईला तेव्हा कोण अभिमान वाटला होता. वाटणारच. आपण नाही का, पोरगं आपल्यासारखं राहिलं नाही की पेढे वाटतो? पुढे इंजिनिअर झाला, पुण्याची चेतना करून आणली, कॅनडात गेला, तिथे रीवा झाली. दर रविवारी सकाळी फोन यायचा. गजराबाई तोंड धुऊन, केस विंचरून, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून बसायची.

गेल्या हिवाळ्यात रीवाच्या शाळेत भाषांचा दिवस होता. वर्गात साऱ्या जगाची पोरं. प्रत्येकाने आपल्या घरी निरोप घेताना काय म्हणतात ते सांगायचं होतं. भूपेंद्र घरी नव्हता. रीवा आणि चेतना दोघीच फोनवर होत्या.

"आजी, तू जाते तेव्हा काय म्हणते?" रीवाने विचारलं.

"येस," गजराबाई म्हणाली.

पोरगी हसायला लागली. "यस? यस म्हणजे हो."

"तुन्हं हो तिकडे ऱ्हाऊ दे. मन्हं येस म्हणजे, मी येस. परत येस."

चेतनाला अहिराणी कळत नव्हती. शेवटी पतासीबाईला समोरून बोलावलं, तिने मोडक्यातोडक्या हिंदीत समजावून सांगितलं. रीवाला ते असं आवडलं की विचारू नका. शाळेत जाऊन तिने सांगितलंही. पुढच्या रविवारी तिने सारा वर्ग आजीपुढे आणून मांडला. वर्गातली बंगाली पोरगी म्हणाली, आमच्यात "आशि" म्हणतात, म्हणजे येते. तमिळ पोरगा म्हणाला, "पोयिट्टु वरेन", जाऊन येतो. जपानी पोरगी घरातून निघताना "इत्ते किमासु" म्हणते, त्याचाही अर्थ तोच, जाते आणि येते. जर्मनवाले पुन्हा भेटू म्हणतात. स्पॅनिशवाले "आदिओस" म्हणून माणसाला देवाच्या हवाली करतात.

"आणि इंग्रजवाला?" गजराबाईने विचारलं.

"बाय."

"बाय? मग गड्यामाणसाला काय म्हनतस?"

पतासीबाई हसून हसून खाली बसली. त्या दिवशी गजराबाईला फार बरं वाटलं. जपान कुठे आहे हे तिला ठाऊक नाही, पण तिथेही कोणी बाई दारात उभी राहून येते म्हणते, एवढं कळलं, आणि जग तिला बऱ्या लोकांचं वाटलं. पतासीबाईने गुजरातीतल्या "आवजो"ची आठवण करून दिली, तर गजराबाई म्हणाली, "ते तं शेजारनंच शे. जपाननं देख."

फाल्गुनातल्या एका रविवारी भूपेंद्र आणि चेतना दोघे फोनवर बसले. रीवा दिसली नाही. भूपेंद्र बराच वेळ बोलत होता. रेंज नेहमीसारखीच, चेहरा थांबायचा आणि आवाज तुटत तुटत यायचा. नाशिक, छान जागा, डॉक्टर तिथेच, बाग, भजन, एकटं राहायला नको, असं काही काही कानावर पडलं. गजराबाईला वाटलं, चेतनाच्या आईबापांचं काही चाललंय. ती "हां, हां" करत राहिली. आपण सगळेच करतो. मुलाचं तोंड दिसतंय ना, मग बोलणं अर्धं ऐकू आलं तरी चालतं.

"मग आई, चालेल ना तुला?" एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

त्याच वेळी स्वयंपाकघरातून वास आला. गॅसवर दूध होतं.

"भूपेन, दूध उतू जाई ऱ्हायनं. येस. येस बरं," ती म्हणाली आणि उठली.

पुढच्या आठवड्यात नवनीत आला. हा दोधूच्या भावाचा मुलगा, शहाद्याला जागांचे व्यवहार करतो. बरोबर फीत घेतलेला एक माणूस. तो माणूस ओटा मोजायला लागला, मग पुढची खोली. गजराबाईने विचारलं, काय रे बाबा, काय करतोस? नवनीत म्हणाला, "काकू, पुढं ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान करतील ते लोक. तुमचं सामान शुक्रवारी न्यायचं. आधी अक्कलकुव्याला खरेदीखतावर सही करू, मग तसंच नाशिकला. वृद्धाश्रम म्हणू नका हं काकू, एकदम हॉटेलसारखं आहे."

गजराबाई खाटेवर बसली. "कोणी सांगं तुले?"

"भूपेंद्रने. तुम्हीच होकार दिला ना? तो म्हणाला, आईला स्पष्ट विचारलं, आई यस म्हणाली."

आता सांगा, काय करायचं? गजराबाई हसली. अहो, खरंच हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कारण छातीवरचा धोंडाच उतरला होता. पोराने आपल्याला घराबाहेर काढलेलं नव्हतं, नुसती ऐकण्यात गफलत झाली होती. रीवाची झाली होती तीच. ती नवनीतला म्हणाली, "अरे, मी येस म्हनी. निंघाना टाईमले म्हनतस ते येस."

नवनीत हसला नाही. तो शहाद्याचा, मराठी त्याचं व्यवहारापुरतं, घरात दिवसभर अहिराणीच बोलतो. त्याने मोजणाऱ्या माणसाला उगाच घाई केली आणि म्हणाला, "ते तुम्ही माय-लेक बघा. मला शुक्रवारपर्यंत कळवा."

तो गेल्यावर गजराबाई तडक समोर गेली. पतासीबाई तूर निवडत होती. सगळं ऐकून तिने सूप बाजूला ठेवलं. ती मारवाडातून लग्न होऊन इथे आलेली बाई, पण आता बोलणं सारं इथलंच.

"इतला वरीस परदेशमा ऱ्हायना, विसरी गया व्हई," ती म्हणाली.

"हाच तं," गजराबाई म्हणाली. "विसरी गया व्हई."

आणि दुपारभर ती हेच म्हणत राहिली. मुलगा आपली बोली विसरला म्हणून आया रडतात. ही बाई तो विसरला असू दे म्हणून देवाला हात जोडत होती. कारण दुसरं जे काही असू शकत होतं, ते तिला मनात आणायचं नव्हतं. तरी ते येतच होतं. नात एका फोनमध्ये शिकली, आणि बापाने अंगावर पिता पिता ऐकलेला शब्द विसरावा? उभ्या आयुष्यात मी इंग्रजीचं एक अक्षर बोलले नाही, मग नेमकं घराचं विचारल्यावर बोलेन? एवढं त्याला कळू नये? असं मनात आलं की ती स्वतःलाच रागवायची. वसतिगृहात पोरांनी छळून त्याची बोली सोडवली, तेव्हा आपणच खूश झालो होतो, मग आता कोणत्या तोंडाने बोलायचं? विसरला असेल तर पाप नाही. विसरलेलं सांगता येतं.

तिने रविवारची वाट पाहिली नाही. संध्याकाळी पतासीबाईच्या दुकानातून फोन लावून घेतला, तिथे रेंज चांगली येते. तिकडे सकाळ होती. भूपेंद्र कामावर जायच्या गडबडीत, अंगात कोट, हातात कप.

तिने राग केला नाही. लहानपणी अंकलिपी शिकवावी तसं हळूहळू सांगितलं. दूध उतू जात होतं. मी येस म्हटलं. मी हो म्हटलंच नव्हतं.

भूपेंद्रने कप खाली ठेवला. "अगं आई," तो म्हणाला, "मला कसं कळणार? इथे दिवसभर आम्ही इंग्रजीच बोलतो, इंग्रजीतच विचार करतो. मी यस ऐकलं, मला वाटलं हो. तो अहिराणी शब्द माझ्या डोक्यातही आला नाही. किती वर्षं झाली बोलून."

"खरं ना?"

"तुझी शपथ."

गजराबाईने मोठा श्वास सोडला. तिने पतासीबाईकडे पाहिलं, पतासीबाईने मान हलवली, मी म्हणत नव्हते का, अशी.

"पण आई, आता त्या लोकांना मी शब्द दिलाय," भूपेंद्र म्हणाला. "शब्द फिरवला तर नवनीतचं नाव जाईल. तू असं कर, सही करून टाक, दिवाळीपर्यंत नाशिकला राहून बघ. दिवाळीला मी येतो. नाही आवडलं तर दुसरी व्यवस्था करू. मी येतोच ना."

खरं सांगायचं तर ती हो म्हणणारच होती. घर जाणार होतं, ते तिला दिसत होतं. पण मुलगा खोटं बोलला नव्हता. त्या आनंदात बाईने घरही देऊन टाकलं असतं. आईचं मन असलंच मूर्ख असतं, त्याला काय करणार. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "दिवाळीले नक्की?"

तेवढ्यात तिकडे खालून गाडीचा हॉर्न वाजला. कोणीतरी त्याला घ्यायला आलं होतं. भूपेंद्र उठला, एका हाताने पिशवी शोधायला लागला, फोन दुसऱ्या हातात, लक्ष निम्मं दाराकडे.

"हो, नक्की," तो म्हणाला. "चाल माय, येस."

दुकानात पतासीबाईचा मुलगा साखर मोजत होता, त्याचा हातही थांबला. पडद्यावर भूपेंद्र दारात उभा होता. या वेळी रेंज अगदी चांगली होती. तोच हलत नव्हता. मग त्याने तोंड उघडलं, "आई, म्हणजे मी..."

"तू काहीच विसरना नही रे, भूपेन," गजराबाई म्हणाली.

शुक्रवारी नवनीत गाडी घेऊन आला. गजराबाई ओट्यावर बसली होती. त्याने विचारलं, काकू, निघायचं ना? ती म्हणाली, "नही." तो गाडी वळवून गेला. या शब्दाचा अर्थ त्याने विचारला नाही, कॅनडातूनही कोणी विचारला नाही. त्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पतासीबाईनेच न राहवून रीवाशी बोलायला फोन लावला, तर तिकडे चेतनाने उचलला आणि सांगितलं, रीवा अभ्यास करतेय, नंतर फोन करेल.