मामींची ॲडमिशन

कॉलनीत कुणाचा नातेवाईक अपघातात वगैरे गेला, की लोक मामांचं दार ठोठावत. पेपरात 'शवविच्छेदन' हा शब्द वाचलेला असे, आणि मामा विच्छेदनाच्या खात्यात आहेत हे सगळ्यांना ठाऊक असे. मग रिपोर्ट लवकर मिळवून द्या, आत कुणाची ओळख असेल तर बघा, अशी भुणभुण सुरू व्हायची. मामा प्रत्येकाला समजावत, की ते पोस्टमॉर्टेम, त्याची इमारतसुद्धा वेगळी. तिथे माणूस कशानं गेला ते शोधतात. आमच्याकडे माणूस आतून कसा असतो ते पोरांना शिकवतात. समोरचा शहाण्यासारखी मान हलवायचा आणि शेवटी विचारायचा, म्हणजे कापतातच ना? इथे मामा हात टेकत.

मामा स्वतः कापत नव्हतेच. मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलचे ते अटेंडंट. कापायचं विद्यार्थ्यांनी, शिकवायचं प्राध्यापकांनी. मामांनी टाकीतून देह काढून टेबलावर ठेवायचे, ते ओले राखायचे, पहिल्याच दिवशी डोळे पांढरे करणाऱ्या पोरांसाठी दाराशी खुर्ची मांडून ठेवायची, आणि संध्याकाळी ज्याचं त्याच्याच ट्रेमध्ये गेलंय ना ते बघायचं. नसांची नावं त्यांना धड येत नसत, आणि येत असल्याचा आवही ते आणत नसत. पण एकाचं दुसऱ्यात मिसळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघत. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला अख्खं करून निरोप द्यायचा, हा त्यांचा हट्ट होता. 'बॉडी' म्हणणं त्यांना आवडायचं नाही. ते 'मंडळी' म्हणायचे.

मंडळींचे हात, पाय आणि चेहरा ओल्या मलमलीत गुंडाळलेला असे, कारण उघडं राहिलं की आधी तेच सुकतं. चेहऱ्याचा धडा यायचा अगदी शेवटी, तोवर चेहरा झाकलेला. काम संपलं की मामा पायाकडून चादर वर ओढत न्यायचे आणि डोक्यावरून घेऊन पलीकडे खोचायचे. इतकी वर्षं तेच केल्यामुळे हात आपोआप चालत. डोक्यात भाजी कुठली न्यायची याचा विचार असला तरी चादर नीट बसायची.

घरी मामी होत्या. विद्यार्थी अटेंडंटला मामा म्हणत, म्हणून कधी न पाहिलेल्या बायकोलाही मामी म्हणून मोकळे झाले होते, आणि हळूहळू कॉलनीनंही तेच नाव उचललं. मामींच्या तोंडाचा पट्टा जबरदस्त. कुठल्या लग्नाहून आल्या, की नवऱ्यामुलाच्या मावशीपासून फोटोग्राफरपर्यंत एकेकाला टेबलावर घेऊन त्या असं सोलून काढत, की मामा म्हणत, कॉलेजनं चुकीच्या माणसाला नोकरी दिली. संध्याकाळी मामा घरात शिरायचे तेव्हा मामी कांदा चिरत असायच्या आणि मामांचे डोळे दिवसभराच्या फॉर्मलिननं, म्हणजे देह टिकवायच्या औषधानं, चुरचुरत असायचे. मामी म्हणत, दोघांच्याही डोळ्यांत पाणी, बघणाऱ्याला वाटेल काय हे प्रेम.

एक गोष्ट मात्र त्या थट्टेवारी नेत नसत. शाळेत त्यांचा नंबर कधी पहिल्याखाली गेला नव्हता. पण आई अचानक गेली, पाठची भावंडं लहान होती, आणि कॉलेज राहिलं ते राहिलंच. म्हणून दरवर्षी नवी बॅच आली की त्या मामांना खोदून खोदून विचारत. किती मुली आल्या, पहिल्या दिवशी काय शिकवलं, कोण रडलं. मामांचा ॲप्रन त्या अशा निगुतीनं इस्त्री करत, की प्राध्यापकांचे ॲप्रन त्याच्यापुढे फिके पडावेत. मामांना वाटायचं, हौस आहे. त्यापलीकडे त्यांनी कधी विचार केला नाही, आणि यात त्यांचा दोष काढायचा तर निम्म्या नवऱ्यांचा काढावा लागेल.

मग मामींना जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हृदयाचा आकार वाढलाय, ते थकलंय, आणि आता औषधांवर जेवढं चालेल तेवढं. मामी घरी येताना गाडीत म्हणाल्या, माझं मन मोठं आहे असं सांगून थकले, तुम्ही मानलं नाहीत, आता डॉक्टरच बोलले. मामांना हसू आलं नाही. घरी पोचल्यावर, चप्पल काढता काढता, मामींनी पुढचं जाहीर केलं.

"मी गेले की मला तुमच्या कॉलेजात द्या. मला ॲडमिशन हवीय."

मामा आधी नाही म्हणाले, मग नाही म्हणजे नाही म्हणाले, आणि मग कितीतरी दिवस तो विषय आला की पिशवी घेऊन बाजारात जात राहिले. देहदानाला जवळच्या माणसाची सही लागते, आणि ती सही मी करणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मामींनी परगावच्या मुलीला फोन लावला. मुलगी आईच्याच बाजूची निघाली. ती म्हणाली, बाबा, आईनं ठरवलंय ना, मग तुमचं आजवर कधी चाललंय?

खरी गंमत अशी, की हेच मामा हॉलबाहेरच्या बाकावर बसून कितीतरी घरच्यांना धीर देत आले होते. कुणाचा मुलगा, कुणाची बहीण डोळे पुसत विचारायची, इथे नीट ठेवतात ना हो? मामा सांगायचे, आपल्या माणसासारखं जपतो. आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं. फक्त आपलं माणूस म्हणजे काय, हे बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे कधी आलं नव्हतं. आता येत होतं. कुठल्या आठवड्यात काय करतात ते त्यांना पाठ होतं. समोर बसून मामी कॅलेंडर बघू लागल्या, की मामा उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

एका रविवारी दुपारी मामींचा डोळा लागला होता. पंखा चालू होता आणि त्यांचे पाय मामांच्या हाताला गार लागले. त्यांनी घडीची चादर उलगडली, पायांखाली खोचली, वर ओढत आणली. डोक्यात औषधांचा विचार होता, गोळ्या संपत आल्यात, उद्या आणायला हव्यात. चादर गळ्यापर्यंत आली, हनुवटीवर आली, आणि हातांनी ती सरळ चेहऱ्यावरून डोक्यापलीकडे नेऊन उशीखाली व्यवस्थित खोचली. मामा वळून दोन पावलं चाललेसुद्धा.

"अहो," चादरीखालून आवाज आला, "अजून ॲडमिशन झालेली नाही माझी."

मामा जागच्या जागी थिजले. वळून बघतात तर मामींनी चादर खाली ढकललेली आणि हसू आवरत नव्हतं. लग्न झाल्यापासून मामींनी कडाक्याच्या थंडीतही तोंडावर पांघरूण घेतलं नव्हतं. त्यांना गुदमरायचं. हे मामांना माहीत होतं, त्यांच्या हातांना माहीत नव्हतं. मामा खाली जमिनीवरच बसले, कॉटच्या कडेला कपाळ टेकलं आणि हमसाहमशी रडले. मामींचं हसणं थांबलं. त्यांनी मामांच्या विरळ केसांवर हात ठेवला आणि आपली धाप ओसरेपर्यंत तसाच राहू दिला.

मामांनी मग आजवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं.

"चेहरा झाकलेला असतो म्हणून मला ते काम जमतं गं. मी बघतच नाही चेहऱ्याकडे. तुझा चेहरा मी कसा झाकू?"

"मग नका झाकू."

"उघडा राहिला की सुकतो. सारखा ओला करत बसावं लागतं."

"मग बसा की," मामी म्हणाल्या. "तेवढंच माझ्याकडे लक्ष राहील."

पुढच्या रविवारी मामांनी गाडी बोलावली आणि मामींना कॉलेजात नेलं. हॉल रिकामा होता. मामींना वासानं ठसका लागला, तेव्हा मामांनी त्यांना दाराजवळच्या त्या खुर्चीत बसवलं, आणि मामी म्हणाल्या, हीच का ती बेशुद्धांची खुर्ची, चांगली गुबगुबीत आहे. जरा दम घेऊन त्या उठल्या. स्टीलच्या टेबलांमधून सावकाश फिरल्या, एका टेबलावर तळहात ठेवून पाहिला, गार आहे म्हणाल्या. खुंटीवर मामांचा जादा ॲप्रन होता. त्यांनी तो काढून अंगात घातला. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. हात धुवायच्या बेसिनवर आरसा होता, त्यात त्यांनी स्वतःला बराच वेळ पाहिलं, आणि ॲप्रनची कॉलर नीट बसवली. मामांना त्या क्षणी सगळं कळलं. इतकी वर्षं इस्त्री करणारे हात त्यांनी पाहिले होते आणि कशासाठी करतात ते पाहिलं नव्हतं.

निघताना मामींनी खिडकीजवळचं टेबल निवडलं. शाळेतही आपण खिडकीशीच बसायचो, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मामांनी सही केली.

मामी गेल्या त्या पुढे एका सकाळी, चहा निवत ठेवलेला असताना. मुलगी आली, पोटभर रडली, आणि कॉलेजला फोन तिनंच केला. खात्याच्या प्रमुख मॅडम स्वतः घरी आल्या. विद्यार्थिनी असताना पहिल्याच दिवशी त्या गुबगुबीत खुर्चीत त्यांचीही वर्णी लागली होती, त्यामुळे मामांशी त्या अधिकारानं कधी बोलत नसत. त्यांनी हळू आवाजात सुचवलं, की मामींना दुसऱ्या कॉलेजात पाठवता येईल, तिथेही तितकंच जपतात, तुम्हाला रोज समोर बघणं जड जाईल. मामा म्हणाले, जड जाईलच, पण तिची ॲडमिशन इथली आहे. आणि मग चेहऱ्याचं सांगितलं. मॅडमनी डोळे पुसले आणि तेवढी परवानगी दिली.

देहात औषध भरायचं काम दुसऱ्यांनी केलं. मामा तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर बसून होते, घरचे बसतात तसे. मग कितीतरी महिने मामी टाकीत होत्या आणि मामा घरी एकटेच कांदा चिरत होते. कॉलनीतलं कुणी आलं, मामींचं कुठे काय केलंत म्हणून दबकत विचारू लागलं, तर मामा सांगत, कॉलेजात आहे ती.

नवी बॅच आली. मामांनी आदल्या दिवशी ॲप्रनला स्वतः इस्त्री केली, एक बाही थोडी करपली. सकाळी लवकर जाऊन मंडळींना टेबलांवर घेतलं, मलमल भिजवली, हात, पाय, चेहरे झाकले. खिडकीजवळच्या टेबलाशी आले तेव्हा हात सवयीनं वर गेले आणि चादर गळ्याशी थांबली. मामांनी आधी डोळे मिटून घेतले, मग उघडले आणि पाहिलं. औषधानं रंग काळवंडला होता, गाल बसले होते, पण नाक तेच, किंचित वर उचललेलं, आत्ता काहीतरी टोचून बोलेल असं.

पोरं आत आली. एकाला लगेच खुर्ची लागली. बाकीची टेबलांभोवती उभी राहिली, आणि खिडकीजवळच्या गटातली एक मुलगी चार पावलं मागे सरली. चेहरा बघायची तयारी तिनं केलेली नव्हती. ती मामांपाशी येऊन कुजबुजली, की मामा, यांचा चेहरा झाकायचा राहिलाय.

"राहिला नाही, बाळ," मामा म्हणाले. "झाकलं की तिला गुदमरतं. आणि आज तिचा कॉलेजचा पहिला दिवस आहे."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली, मग त्या चेहऱ्याकडे. मग ती परत आपल्या जागेवर गेली आणि टेबलाला लागून उभी राहिली. मामांनी स्टूल ओढून उशाशी घेतलं, मलमलीचा तुकडा वाडग्यात बुडवून पिळला, आणि कपाळापासून सुरुवात केली.