मास्तरांच्या तळव्यातली टाचणी

चादर अर्धीच पिळून झाली होती. एक टोक माझ्या हातात, दुसरं धाकट्या जावेच्या, मध्ये पाण्याची धार. तेवढ्यात तिनं आपलं टोक सोडून दिलं आणि सगळं पाणी माझ्या पायांवर.

"अगं, धर की," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या मागे दुकानाच्या दारापासून नळापर्यंत फरशीवर रक्ताचे डाग होते. प्रत्येक डाग टाचेएवढा, पावलांच्या अंतरानं. आणि त्या डागांवरून भावजी वाकून वाकून येत होते, गिऱ्हाइकाच्या कोटावरचा डाग निरखावा तसे.

"कुणाला लागलंय गं?" त्यांनी बायकोला विचारलं. "मघाशी पाणी प्यायला आलो तेव्हा नव्हतं हे."

ते एक पाऊल पुढे टाकत होते आणि मागे नवा डाग उमटत होता. धाकटीनं त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि पाय वर उचलला. टाचेत टाचणी होती. पार डोक्यापर्यंत रुतलेली. बाहेर दिसत होता तो फक्त गुलाबी मणी.

"ही माझीच," भावजी म्हणाले. नवल करायचं ते टाचणी हरवल्याचं, असा त्यांचा सूर होता.

मी इतकी वर्षं रोज रात्री वहीत चार ओळी लिहिते, पण त्या रात्री पान कोरं राहिलं. ते आज लिहिते.

भावजी माझे धाकटे दीर. खालच्या खोलीत त्यांचं शिवणकामाचं दुकान; सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणतो. डोळे मिटून कापड दोन बोटांत धरतील आणि सांगतील, हे दोन धुण्यांत आटणार. अनवाणीच शिवायला बसतात. पायडलवर उघडा पाय असला की मशीन आपलं ऐकते, असं त्यांचं म्हणणं. रक्तात साखर निघाल्याला बरीच वर्षं झाली. आठवली तर गोळी घेतात. कुणी म्हणालं, मास्तर, जरा चालायला जात जा, तर मांडीवर थाप मारून सांगायचे, "हे पाय दिवसभर चालतात. मी बसल्या जागी परगावी जाऊन येतो." गिऱ्हाइकं हसायची. आम्हीही हसायचो.

मग गुडघे कुरकुरायला लागले आणि त्यांनी मशीनला मोटर बसवली. खालून येणारा खडखडाट गेला, नुसती घरघर उरली. पाय गाडीत बसल्यासारखे गप्प झाले. मांडीवरची थाप आणि ते वाक्य मात्र तसंच चालू राहिलं. त्यांच्याही लक्षात आलं नाही, आमच्याही नाही.

दवाखान्यात टाचणी काढून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी नायलॉनचा एक बारीक धागा घेतला. "मास्तर, डोळे मिटा. पायाला धागा टेकला की 'हो' म्हणा."

त्यांनी अंगठ्याला धागा टेकवला. मग तळव्याला, मग टाचेजवळ. मग दुसऱ्या पायालाही. धागा वाकताना मला दिसत होता. भावजी शांत बसून होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "करा ना सुरू, बाई. दुकान उघडं टाकून आलोय."

"झालं की," त्या म्हणाल्या.

भावजींनी डोळे उघडले. आधी धाग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वहिनी, लावला होता?"

मी मान हलवली. बोटांनी कापड ओळखणारा माणूस, त्याला आपला पाय ओळखता येईना. मला खुर्चीत बसवेना.

"व्यायाम काय करता?"

"पायमशीन," ते सवयीनं म्हणाले, आणि मध्येच थांबले. त्यांचा हात मांडीपाशी जाऊन तसाच राहिला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, पण लपवलंही नाही. साखर फार वाढली आहे. जखम चिघळली तर कदाचित पाऊलही जाईल. भरेपर्यंत टाचेवर भार नको. तोवर खुर्चीत बसून योगासनं करायची: हात वर ताणायचे, कंबर दोन्हीकडे वळवायची, श्वास सावकाश सोडायचा. जखम भरली की जेवणानंतर रोज चालायचं, आणि तेही बूट घालूनच. रोज तळवे तपासायचे.

"मग गोळी सुटेल?" धाकटीनं विचारलं.

"आपल्या मनानं अजिबात सोडायची नाही. आसनं करा, चाला, आणि गोळीही घ्या. साखर उतरली तर किती कमी करायची ते मी बघेन."

त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसले, पण हात जोडवेनात. मी माझ्याच तळव्याला नख रुतवून पाहिलं. कळ आली. दुखलं म्हणून देवाचे आभार मानायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

त्यानंतर खाली रोज खुर्च्या मांडल्या जातात. धाकटीही शेजारी बसून करते. "डावीकडे वळा म्हटलं की हे बरोबर उजवीकडे," ती सांगते. रोज दिवा धरून त्यांचे तळवे बघते. परवा म्हणाली, "लग्नात कुणी सांगितलं असतं ना ताई, तर हे पाय तेव्हाच नीट बघून घेतले असते." भावजी हसले, पण पाय तिच्या हातातून काढून घेतला नाही.

आज डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. टाच भरून आली आहे. साखरही उतरते आहे. भावजींनी पहिला प्रश्न विचारला, "मशीनची मोटर काढून पुन्हा पायानं चालवू?"

"काढा. गुडघे दुखेपर्यंत मात्र चालवू नका. आणि चालणं त्याशिवाय वेगळं. अनवाणी तर पायडलला पाय लावायचा नाही."

"बूट घालून मशीन?" ते म्हणाले. "मशीन ऐकायची नाही हो."

"तुम्ही ऐका."

घरी आल्यावर भावजी दारात थांबून फरशीकडे बघत राहिले. डाग धुऊन कधीच गेलेत, तरी मीही तिथंच बघत होते. मग धाकटीला म्हणाले, "अगं, माझी मापाची टेप कुठंय? नाही, राहू दे. चांभारच घेईल माप."

उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी भावजी चांभाराकडे मऊ तळाच्या बुटांचं माप द्यायला जाणार आहेत.