हुंबेच्या तुळया

हुंबे माझ्या वखारीत पहिल्यांदा आला तेव्हा काही न बोलता आत शिरला आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका सागवानी दाराला त्याने गुद्दा हाणला. थाप नव्हे, चांगला खांद्यापासून आणलेला गुद्दा. ते दार हललं, त्याच्या मागची दोन दारं धाडकन खाली आली. बोटांच्या पेरांवरचं रक्त पँटला पुसत तो म्हणाला, "मधून पोखरलंय हे. किती सांगतो?"

मी पहार उचलली. जुनी घरं पाडणाऱ्या टोळीत मजूर म्हणून मी या भागात आलो. पुढे पाडलेल्या घरांचं लाकूड विकत घेऊ लागलो, आणि आज कासारवाडीत रेल्वेच्या कडेला माझ्या दोन शेड आहेत. त्यातला एक पत्राही कुणी मला फुकट दिलेला नाही. तेव्हा माझ्या मालावर हात टाकण्याआधी माणसाने निदान नाव सांगावं, असं मला वाटतं.

"हात तोडीन," मी म्हणालो.

"तोड की. पर आधी भाव सांग."

दार अजिबात पोखरलेलं नव्हतं. ते त्यालाही ठाऊक होतं. भाव पाडायची ती त्याची रीत होती. माल घ्यायचा असला की तो त्याला आधी मारायचा, मग शिव्या घालायचा, मग माझ्या खानदानाचा उद्धार करायचा आणि शेवटी स्टूल ओढून बसत म्हणायचा, "हां, आता बोल." गिऱ्हाईक म्हणून मी हजारो माणसं पाहिली. बहुतेकांना भाव करताना लाज वाटते, किंवा ते भीक मागतात. हुंबे कुस्ती खेळायचा. त्या दिवशी दुपार त्याच्याशी ओरडण्यात गेली आणि तो दार घेऊन गेला तेव्हा माझा घसा बसला होता. मी ठरलेल्यापेक्षा कमीत दिलं होतं आणि मला राग आला होता. पुढच्या रविवारी तो पुन्हा यावा असंही वाटत होतं.

चाकणला गाड्यांचे पत्रे दाबणारा एक कारखाना आहे, तिथे तो प्रेसवर होता. बुटका, मानेने जाड, डाव्या कानाने कमी ऐकणारा. त्यामुळे साधं बोलणंही त्याचं भांडल्यासारखं वाटे, आणि भांडण तर चार दुकानांपलीकडे जाई. ताथवड्यात त्याने फ्लॅट घेतला होता. मुलीचं इंजिनिअरिंग कॉलेज तिथून जवळ, म्हणून बायकोचा, सुनंदावहिनींचा, तोच हट्ट. त्या फ्लॅटवर बँकेचं कर्ज होतं. आणि जामखेडच्या पलीकडे गावात वडिलांचं पाच खणांचं माळवद होतं. माळवद म्हणजे लाकडी खांब, त्यावर तुळया, वर लाकडाच्या चिपा आणि त्यावर पांढऱ्या मातीचं जाड सपाट छत. वडील गेल्यावर कुणी वर माती टाकली नाही, छत खचलं, नुसत्या दगडी भिंती उरल्या. हुंबेला ते घर होतं तसं परत उभं करायचं होतं.

"त्यापेक्षा स्लॅब टाक," मी एकदा म्हणालो.

"स्लॅब ताथवड्यात हाय की! शेजारचा शिंकला तरी समजतं. गावाला जाऊन बी मी स्लॅबखालीच झोपू व्हय रे, भंगारवाल्या?"

पगार झाला की आधी हप्ता कापला जाई. त्याबद्दल त्याचं एक वाक्य होतं: "हप्ता म्हंजे जावई. त्याला आधी वाढायचं, त्यानं हात धुतले की मग घरच्यांनी काय उरलं ते बघायचं." जे उरे ते ओव्हरटाइमचं. त्यातून दर महिन्याला तो माझ्याकडून एक नग घ्यायचा. एखादी तुळई, एखादा खांब, कधी नुसती चौकट. ती गावी न्यायची त्याची युक्ती मला फार आवडली होती. त्याच्या भागातले ट्रक कांदा घेऊन चाकणच्या बाजाराला येतात आणि परतताना रिकामे असतात. शिफ्ट सुटली की हा बाजारात जाऊन ड्रायव्हरांशी भांडायचा आणि चहा-वड्यावर तुळई गावी रवाना करायचा. घराला सुरुवातीला कांद्याचा वास यायचा म्हणे. "सुनंदा म्हणते, घर हाय का भजी," असं सांगताना तो हसला होता. फार कमी वेळा हसायचा.

आमची मारामारी खरोखरची झाली ती एका तुळईवरून. लांब, एकसंध, गाठ नसलेली. त्याने बघून ठेवली होती, पण विसार दिला नव्हता. विसार नाही तर शब्द नाही, हा माझा नियम आहे, आणि मी ती एका हॉटेलवाल्याला विकली. रविवारी हुंबे आला, रिकामी जागा बघितली आणि एकही शिवी न देता माझ्या तोंडावर ठोसा मारला. दात पडला. मी कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या खांद्यावर हाणला, तो खाली बसला, मी दुसरा हाणला. कामगारांनी सोडवलं तेव्हा त्याचा हात वर होत नव्हता आणि माझ्या शर्टावर रक्त होतं. मग त्याच्याच स्कूटरवर आम्ही डॉक्टरकडे गेलो. गाडी मी चालवली, कारण त्याला हँडल धरवत नव्हतं. वाटेत तो कानाशी ओरडत होता, "तू माणूस न्हाईस! तू वाळवी हायेस!" डॉक्टरने विचारलं, कशाने झालं? दोघंही एकदम म्हणालो, "पडलो."

अशी काही वर्षं गेली आणि घर उभं राहिलं. पाचही खण. मी ते पाहिलं नव्हतं, पण त्यातली प्रत्येक तुळई माझ्या हातून गेली होती.

मग चाकणला मंदी आली. ओव्हरटाइम आधी बंद झाला, पाठोपाठ तिसरी शिफ्ट. हप्ते चुकू लागले. जावई उपाशी राहिला की काय होतं ते सर्वांना माहीत आहे. बँकेने नेमलेली वसुलीची माणसं फ्लॅटवर गेली. त्यातला एक वहिनींना म्हणाला, "मुलीच्या लग्नाला पैसे असतील ना, तेच द्या." हुंबेने त्याला कॉलर धरून जिन्यावरून खाली लोटला. पोलीस आले. वहिनींनी हातापाया पडून प्रकरण मिटवलं, नवऱ्याला घरी आणलं आणि कुकरचं झाकण त्याच्या दिशेने फेकून मारलं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "एक तर हे घर, नाही तर ते. मला आणि पोरीला रस्त्यावर काढून तुम्ही तिथं माळवदाखाली कुणासाठी झोपणार आहात?"

हे मला त्यांच्याच तोंडून नंतर कळलं. तेव्हा हुंबे पैशांसाठी मेव्हण्याकडे गेला, कंपनीतल्या सायबाकडे गेला, व्याजाने पैसे देणाऱ्या एका गुंडाकडेही गेला. माझ्याकडे आला नाही. इतक्या वर्षांत माझ्या दुकानात ज्याने मला वाळवी म्हटलं, ज्याच्यासाठी माझा दात गेला, त्याला माझं दार दिसलं नाही. हा राग माझ्या पोटात आजही आहे.

शेवटी एक दिवस फोन आला. "शेठ, पाडायला माणसं हायेत?"

"कुणाचं घर?"

"माझ्या बापाचं," तो ओरडला आणि फोन ठेवला.

मी ट्रक आणि चार गडी घेऊन गेलो. घर पाहिलं. गुळगुळीत सारवलेलं, खांबांना तेल दिलेलं, आत दुपारी अंगावर शाल घ्यावी असा गारवा. मी या धंद्यात शेकडो घरं पाडली आहेत, पण इतकं नवं घर पाडायला कुणी कधी बोलावलं नव्हतं. अंगणात त्याचा चुलतभाऊ उभा होता. जवळच राहणारा, साखर कारखान्यावर जाऊन पैसा केलेला.

"दादा, उभं दे की मला," चुलतभाऊ म्हणाला. "पैसे टप्प्याटप्प्यानं देतो. पाडतो कशाला? घर घरात राहील."

"टप्पे बँकेला चालत न्हाईत."

"मग राहू दे. न्हाईतरी शहरात गेलेल्याला घर कशाला लागतंय? वर्षातून एकदा पूजेला यायचं आन् मिरवायचं."

हुंबेच्या हातात फावडं होतं. त्याने ते उलटं धरून दांड्याने भावाच्या जबड्यावर मारलं. हाड वाजल्याचं मला ऐकू आलं. तो पडला, हुंबे त्याच्या छातीवर बसला आणि गळा धरला. आम्ही पाच जणांनी त्याला ओढून काढला तरी तो लाथा झाडत होता. चुलतभावाच्या बायकोने हुंबेवर दगड मारले, त्यातला एक मला लागला.

मग तो छतावर चढला. माझ्या गड्यांना त्याने वर येऊ दिलं नाही. पांढरी माती फावड्याने ढकलत राहिला, अंगणात धुरळ्याचे लोट पडत राहिले, त्यात तो दिसेनासा झाला, फक्त शिव्या ऐकू येत होत्या. त्या कुणाला होत्या कळत नव्हतं. माती गेल्यावर तो खाली आला आणि खांबांच्या पायाशी घण घालू लागला. मी ओरडलो, "लाकूड चिरेल, गाढवा, माझं नुकसान होईल!" तर वळून माझ्यावरच घण उगारला. प्रत्येक तुळई खाली आली की जमीन हादरायची. संध्याकाळपर्यंत घर ढिगारा होऊन अंगणात पडलं होतं. हुंबेच्या अंगावर नखाएवढी जागा पांढऱ्या मातीशिवाय नव्हती, आणि डोळ्यांतून पाणी येऊन गालांवर दोन काळ्या रेघा उतरल्या होत्या.

"हां, आता बोल," तो म्हणाला.

मी आयुष्यात पहिल्यांदा भाव केला नाही. "ज्या किमतीला दिलं, त्याच किमतीला परत घेतो," मी म्हणालो.

"काय म्हणालास?"

"सगळं. त्याच किमतीला."

तो माझ्यावर धावून आला. छातीत डोकं घातलं, मी मातीत उताणा पडलो. "दोनदा वापरलेलं लाकूड हाय ते! खिळ्यांची भोकं हायेत! भाव पाड!"

"नाही पाडत!"

"मला भिकारी समजतोस? मेव्हण्यानं मला शंभर गोष्टी सुनावल्या, त्या ऐकून घेतल्या. तुझी दया ऐकून घेणार न्हाई. पाड म्हणतो ना!" आणि त्याने माझ्या कानाखाली मारली. मीही मारली. माझा संताप अनावर झाला होता. ज्याला द्यायला निघालो तोच मला बडवत होता. ट्रकचा ड्रायव्हर लोखंडी टामी घेऊन मध्ये पडला नसता तर एकाचा मुडदाच पडला असता.

शेवटी मातीत बसल्या बसल्या, तोंडातलं रक्त थुंकत, मी निम्मी किंमत सांगितली. त्याच्या डोळ्यांत जरा जीव आला. "चोर हायेस. वाढव थोडं." मी थोडं वाढवलं. "आणखी." मी नाही म्हणालो. त्याने हात पुढे केला, मी धरला. सौदा झाला. बँकेचे थकलेले हप्ते त्यात फिटले.

काही महिन्यांनी मोठ्या गाडीतून एक डिझाइनरबाई आली. मावळात कुणाचं तरी फार्महाउस सजवायचं होतं. "जुन्या, वापरलेल्या, खिळ्यांची भोकं असलेल्या" तुळया तिला हव्या होत्या. मी हुंबेच्या तुळया दाखवल्या आणि रागारागात तिप्पट किंमत सांगितली. तिने भावच केला नाही.

असे पैसे मला एरवी छान पचतात. पण हुंबेने मला जबरदस्तीने स्वस्तात विकून हरवलं होतं, आणि ते मला सहन होत नव्हतं. वरचे पैसे पाकिटात घातले आणि त्याच्या तोंडावर मारायला ताथवड्याला गेलो.

दार त्यानेच उघडलं. मी पाकीट छातीवर आपटलं. "घे. तुझ्या तुळयांचे."

"सौदा झालाय. फायदा तुझा, नुकसान तुझं. चल निघ."

"घे म्हणतो!"

"निघ!" त्याने मला जिन्याकडे ढकललं. मी त्याचा शर्ट धरला, तो फाटला. शेजारची दारं उघडली, कुणी मोबाइल काढला. आम्ही पॅसेजमध्ये एकमेकांच्या मानगुटी धरून उभे होतो, तेवढ्यात सुनंदावहिनी बाहेर आल्या, खाली पडलेलं पाकीट उचललं आणि पदरात बांधलं.

"भांडा तुम्ही," त्या म्हणाल्या. "माझ्या दोन हप्त्यांची सोय झाली." आणि दार आतून लावून घेतलं.

आम्ही एकमेकांच्या माना सोडल्या. लिफ्टने खाली आलो. त्याची दुपारची शिफ्ट होती, गेटवर कंपनीच्या बसची वाट बघत तो उभा राहिला. फाटका शर्ट एका हाताने धरून.

"कुणी घेतल्या?" त्याने विचारलं.

"मावळात एक फार्महाउस आहे."

"माळवद घालतोय?"

"छे. वर सिमेंटचा स्लॅब आहे. खालून नुसत्या अडकवल्यात. दिसायला."

"म्हंजे वजन न्हाई त्यांच्यावर?"

"काहीच नाही."

आता हा फुटणार, म्हणून मी दोन पावलं मागे सरलो. तो रस्त्याकडे बघत राहिला. मोठ्याने बोलणाऱ्या त्या माणसाचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"मग लई वर्षं टिकत्याल," तो म्हणाला.

बस आली, तो चढला. त्यानंतर हुंबे वखारीत आलेला नाही, मीही ताथवड्याला गेलेलो नाही. फ्लॅट त्याच्याकडेच आहे, हप्ता चालू आहे, असं ऐकतो. आम्हा दोघांत भाव करण्यासारखं काही उरलेलं नाही.