खोड सांगून विकणारा

इस्लामपूरकडच्या जनावरांच्या बाजारात सयाजीतात्यानं चाळीस वर्षं दलाली केली, पण त्याची रीतच निराळी. हातावर हात पडायच्या आधी तो जनावराची खोड मोठ्यानं ओरडून सांगायचा. "म्हस लाथ मारती बरं का! एक सड आटलाय!" विकणारे त्याच्या नावानं बोटं मोडायचे, घेणारे मात्र त्यालाच शोधत यायचे. तात्या गप राहिला म्हणजे जनावर निर्धोक, हीच तिथली बोली.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्याच दावणीचा बैल बिघडला. उभ्या माणसाला काही करायचा नाही, पण वाकलेलं कुणी दिसलं की शिंगं रोखून धावायचा. शेण काढताना तात्याच्या बायकोच्या, रंगूबाईच्या, दोन बरगड्या मोडल्या. "ह्या घरात त्यो तरी ऱ्हाईल न्हाईतर मी," तिनं सांगून टाकलं.

तात्यानं दोन बाजार केले. दोन्हीकडं खोड सांगितली आणि बैल घरी परत आणला. असला बैल कोण घेतो हो?

तिसऱ्या बाजारी मेढ्याकडचा भाऊसो आला. त्याला भातखाचरासाठी बैल हवा होता. दात बघितले, खुर बघितले, चालवून बघितला. मग तात्याच्या तोंडाकडं बघत थांबला. तात्या गप. पावतीवर छापलेलंच होतं, जनावर पारखून घेतले आहे, नंतर तक्रार चालणार नाही. भाऊसोनं सही केली. अरे बाबा, तेवढ्यात तरी तोंड उघडायचं होतंस!

पंधरा दिवसांनी भाऊसो टेम्पोतून बैल घेऊन बाजारात उतरला. डोकं भादरलेलं. तात्याचा हात आपसूक खिशातल्या पावतीकडं गेला.

"माझी मंडळी गोठा झाडत हुती. वाकल्याली," भाऊसो म्हणाला. "तात्या, खोड ठावी हुती का तुमास्नी?"

पावती खिशातच राहिली. "व्हय," तात्या म्हणाला.

"मी इचारलंच न्हाई बगा. म्हनलं, तुमी गप हाय म्हंजे..." त्यानं दावं तात्याच्या हातात दिलं. "पैसं नगं मला. तुमचा बैल तुमी ठेवा." आणि तो निघून गेला.

तात्या दावं धरून भर बाजारात उभा राहिला आणि जुन्याच आवाजात ओरडला, "ह्यो वाकल्याल्या माणसावर जातो बरं का! ह्यानं आन मी, दोघांनी मिळून बाई मारलीया!"

माणसं मागं सरकली. त्या दिवसापासून सौद्याला त्याच्याकडं कुणी आलं नाही.