लग्नसराईतली रजा

गंगाखेडच्या ज्या साडीच्या दुकानात मी मॅनेजर आहे, तिथं लग्नसराईत रजा मागायची नाही, हे कुणी न सांगताच सगळ्यांना ठाऊक होतं. नवी लागलेली राणीसावरगावची पोरगी मात्र ऐन गर्दीत येऊन म्हणाली, "मॅडम, सोमवारी मैत्रिणीची हळद हाय. मी येणार न्हाई."

शेजारी काका नऊवारी साड्यांच्या घड्या घालत होते. दुकान उघडलं तेव्हापासूनचे सेल्समन. ते एकदम भडकले. "मैत्रिणीच्या हळदीला रजा! माझ्या लेकीच्या साखरपुड्यालाबी मी हितंच गिऱ्हाईक करायलो होतो."

"का हो काका? मालक न्हाई म्हणले का?" पोरीच्या बोलण्यात खोच नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"मी इचारलंच न्हाई."

"मग लेक काय म्हणली?"

काका हातातली घडी तशीच टाकून वरच्या मजल्यावर निघून गेले.

त्यांचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. नऊवारीचं काउंटर त्यांच्याशिवाय कुणाला जमत नव्हतं, म्हणून त्यांना हलता येत नव्हतं. मी पोरीला रजा दिली आणि परत आल्यावर तिला काकांच्या हाताखाली उभं केलं.

त्याच संध्याकाळी काका माझ्या टेबलाशी आले. "ताई, मला काढायचा इचार हाय का?"

"काढायचं असतं तर तिला तुमच्याकडं शिकायला कशाला धाडलं असतं?"

पहिले काही दिवस दोघांची रोज जुंपायची. ती प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायची आणि काकांना 'का' ऐकायची सवय नव्हती. हळूहळू मात्र ते सांगू लागले. म्हातारीला आधी पोत हाताला लागू द्यायचा, रंगाचं मग बोलायचं. किंमत तिच्या सुनेसमोर सांगायची नाही.

पुढच्या लग्नसराईत काका दोनदा माझ्यापर्यंत येऊन तसेच परत फिरले. तिसऱ्यांदा मीच विचारलं.

"चुडाव्याला लेकीच्या पोराचं बारसं हाय," ते खाली बघत म्हणाले. "जाऊ का?"

"जा की! विचारता काय?"

त्या दिवशी पिंगळीहून नवरीकडची सगळी मंडळी आली. नवरीच्या आजीनं दारातूनच काकांची चौकशी केली. "नातवाच्या बारशाला गेलेत आज्जी," पोरगी म्हणाली. "बसा, मी दाखविते." आणि तिनं पहिली साडी उलगडून आजीच्या मांडीवर ठेवली. किंमत विचारल्यावर वाकून तिच्या कानात सांगितली. मी गल्ल्यावरून बघत होते.

मालकांनी नंतर जरा चढ्या आवाजात विचारलं, "सीझनमध्ये काकांना रजा कुणी दिली?"

"मी दिली," मी म्हटलं. इतक्या ताठ मानेनं त्या दुकानात मी आधी कधी बोलले नव्हते.