फोटू मागायला निघालेली बाई

सत्तर-बहात्तरच्या सुमारास श्रीरामपूरहून नगरला जाणाऱ्या एसटीत ती माझ्याशेजारी बसली होती. पुरुषासारखे रुंद पंजे, पुढे आलेला जबडा. समोरचे दोघे हसले, तेव्हा त्यांच्या माना खाली जाईपर्यंत ती त्यांच्याकडे रोखून बघत राहिली.

मग मला म्हणाली, "मेंदूखाली गाठ हाय. तिच्यानं हाडं वाढत्यात, बाजूचं दिसत न्हाई. पुण्याच्या डाक्टरांनी मला उघडी करून फोटू काढले, शिकनाऱ्या पोरांना दाखवले. इलाज इचारला तर म्हनले, संशोधन चाललंय."

"आता कुठं निघालात?"

"तितंच. फोटू मागाया. गाठीचा अभ्यास करा म्हनावं, अंग माजं हाय."

नगरला उतरताना मी आधाराला हात पुढे केला. तो तिने झिडकारला आणि पावलापावलाला मान वळवून बघत ती पुण्याच्या गाडीकडे गेली.