त्या दिवशी फळीवर कोण उभं होतं

कुणी तुमच्या हातात खेळाचं प्रमाणपत्र ठेवलं, तर तुम्ही आधी काय बघता? नाव बरोबर छापलंय का, की तो खेळ आपण खेळलोय का?

बीडमध्ये क्लासच्या गल्लीत हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला आहे. बहुतेक जण हसले. भरतीची तयारी करणारा एक जण मात्र गंभीरपणे म्हणाला, "आडनाव बघतो. त्यात चूक असली की अर्ज बाद." खेळाचं काय, असं विचारल्यावर त्याने खांदे उडवले.

मी पत्रकांवर वाढलो. वडील पत्रकं लिहायचे आणि सायकलवरून गावोगाव वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. त्यांनी मला कागद खालून वर वाचायला शिकवलं. "आधी बुडाशी बघायचं. कुणी काढलं, कुठं छापलं. तिथं नाव नसेल तर वरचा मजकूर कितीही गोड असो, धरून चालायचं की काहीतरी लपवलंय." अजूनही लग्नाची पत्रिका हातात आली तरी माझी नजर आधी छापखान्याच्या नावावर जाते.

त्यामुळे दोन हिवाळ्यांपूर्वी पाटोद्याच्या बाजारात तो फ्लेक्स दिसला, तेव्हा मी सवयीने खाली बघितलं. वर लिहिलं होतं, 'स्टँड अप पॅडलिंग, राज्यस्तरीय स्पर्धा'. मधोमध निळ्या पाण्यात फळीवर उभी असलेली गोरी बाई. खाली नाव नाही, पत्ता नाही, फक्त लाटेचं चित्र. आमच्याकडे लाट! ज्या तलावावर स्पर्धा होणार होती, तो माझ्या मामाच्या गावचा. एप्रिल उजाडला की त्याच्या पोटात शेळ्या चरतात.

मी मामाकडे गेलो. मामाची निम्मी जमीन पाण्यापलीकडे आहे. सडकेने वळसा घालायचा तर अर्धा दिवस मोडतो, म्हणून त्या गावात प्रत्येक घराचा तराफा असतो. खताच्या पोत्यांत थर्माकोल कोंबायचं, पोती बांबूंना आवळून बांधायची, वर एक दार नाहीतर फळकूट टाकायचं, झाला तराफा. बसून वल्हवलं तर वैरण भिजते, म्हणून तिथली माणसं त्यावर उभी राहतात आणि लांब बांबूने पाणी मागे सारतात. माझी मामेबहीण आठवीपासून अशी ये-जा करते. डोक्यावर वैरणीचा भारा, पायाशी दुधाची किटली, आणि ती उभी. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. धावण्यात चांगली, लेखीत बरी. दरवेळी थोडक्यात राहायची.

स्पर्धेच्या आधी आठवडाभर शिबिर होतं. ट्रॅकसूट घातलेले एक सर आले. ते संघटनेचे सचिव होते. त्यांच्याबरोबर कोकणातला एक प्रशिक्षक होता, उन्हाने रापलेला आणि कमी बोलणारा. गाडीतून सतरंजीसारख्या गुंडाळलेल्या फळ्या निघाल्या. प्रशिक्षक पंपाने त्या फुगवायला लागला. पारावरचे दोन म्हातारे काठावर येऊन बसले होते.

"गादी हाय का बे ही?"

"गादीच. सायबाला पाण्यात झोप येती वाटतं."

"सर, लग्नसराईत भाड्यानं देता का? पाव्हणे लई झालेत आमच्याकडं."

सर हसले नाहीत. म्हणाले, "काका, हा ऑलिंपिकला जाणारा खेळ आहे."

मी लगेच विचारलं, "गेलाय का?"

"जाणार आहे."

"आणि सरकारी नोकरीच्या खेळाडू कोट्यात चालतो का?"

"नौकानयनात मोडतो. चालणारच." सर फ्लेक्सकडे बघत म्हणाले.

दुपारी भाकरी खाताना मी प्रशिक्षकाला गाठलं. तो माणूस खोटं बोलला नाही, हे मला आजही मान्य करावं लागतं. तो म्हणाला, "लॉकडाऊन उठल्यावर लोकांना मोकळं पाणी हवं होतं. तेव्हा हे बोर्ड धडाधड खपले. ज्याला पोहता येत नाही त्यानेही घेतला. आता हौस फिटली. माल गोदामात पडून आहे. किनाऱ्यावर गिऱ्हाईक कमी आणि शिकवणारे जास्त. चार दिवसांचा कोर्स केला की जो तो प्रशिक्षक. मग मालवाले म्हणतात, किनारा भरला, आता तलाव शोधा."

"म्हणजे आम्ही उरलेल्या मालाची बाजारपेठ."

"तसं म्हणा. पण खेळ चांगला आहे हो." तो जरा दुखावला होता. "फक्त त्याचा मालक कोण, हेच ठरत नाही. लाटांवर खेळणारे म्हणतात आमचा, होडीवाले म्हणतात आमचा. जगभर हेच भांडण आहे."

मामा पाणी पीत होता. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "दोघं दावा सांगत्यात त्या वावरात तिसराच गुरं सोडतो."

मी सरांकडे बघितलं. ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "नुसती नावं पाठवा, बाकी मी बघतो."

संध्याकाळी मामेबहीण वैरण घेऊन तराफ्यावरून परत आली आणि काठावर उभी राहून बघू लागली. प्रशिक्षक सगळ्यांना सांगत होता की आधी गुडघ्यावर बसा, तोल सापडला की एकेक पाय उचला. क्लासमधून आलेली मुलं बसल्याबसल्या पाण्यात पडत होती. तिने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि फळीवर सरळ उभी राहिली.

"अहो, बसा आधी!" प्रशिक्षक ओरडला.

"बसून कशाला? पाय हायेत की."

तिचं एकच चुकलं. वल्ह्याचं पातं थोडं वाकडं असतं. तिने ते खोऱ्यासारखं, खोलगट बाजू आपल्याकडे करून धरलं. पाणी ओढायचं म्हटल्यावर कुणीही तसंच धरील. प्रशिक्षकाने ते फिरवून दिलं. बाक पुढच्या बाजूला.

"उलटं कावून?"

"ओढून बघा."

तिने ओढलं. फळी सपकन पुढे गेली. ती वळून आमच्याकडे बघत हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो. त्यानंतर प्रशिक्षक तिला रोज सकाळी पाण्यावर न्यायचा, आणि मी काठावर बसून सरांवर लक्ष ठेवायचो.

स्पर्धा डिसेंबरात झाली. डिसेंबरच का, हा माझा पहिला संशय होता. तलाव तेव्हा भरलेला असतो हे खरं. पण तेव्हा गाव रिकामं असतं हेही खरं. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. माणसं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. तलावावर बघायला उरतात ते म्हातारे, शेळ्या आणि बाहेरून आलेले.

त्या दिवशी बाहेरून गाड्या भरून मुलं आली. सगळ्यांना एकसारखे ट्रॅकसूट. पाण्यात उतरले ते सात-आठ जण. बाकीचे काठावर रांगेत. एकाने लाइफ जॅकेट घालायचं, हातात वल्हं धरायचं, फोटो काढायचा, जॅकेट काढून पुढच्याला द्यायचं. जॅकेट शेवटपर्यंत कोरडंच राहिलं. तोपर्यंत पलीकडे मुलींची शर्यत सुटली होती. चौघी होत्या. दोघी वळणावर पडल्या. माझी बहीण पलीकडच्या बाभळीला वळसा घालून पहिली आली. टाळ्या प्रशिक्षकाने वाजवल्या, मामाने वाजवल्या आणि मी वाजवल्या. बाकी सगळे सेल्फी घेत होते.

पुढच्या आठवड्यात बीडला एका सभागृहात प्रमाणपत्रं वाटली. नावं वाचणं संपेचना. तलावात उतरलेल्यांच्या कितीतरी पट माणसं व्यासपीठावर चढली.

माझ्या डोक्यात सणक गेली. दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'पाण्याला पाय न लावता पदक!' खाली लिहिलं, 'त्या दिवशी तलावात एकही जण उतरला नाही. हे खेळाडू नव्हेत, ही भरतीतल्या जागांची चोरी आहे.' एकही जण. मला माहीत होतं की सात-आठ जण उतरले होते. पण 'बहुतेक जण उतरले नाहीत' असं लिहिलं की वाक्य लुळं पडतं, आणि मला ते झोंबायला हवं होतं. शिवाय बुडाशी मी माझं नाव घातलं नाही. 'एक जागरूक नागरिक' असं घातलं. मामाच्या घराला त्रास नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण मी घाबरलो होतो. सरांच्या फोनमध्ये कुणाकुणाचे नंबर आहेत, हे मी बघितलं होतं.

बसस्टँडवर आणि क्लासच्या गल्लीत मी ते पत्रक वाटलं. लोकांनी त्याचे फोटो काढून फिरवले. चार दिवस मी छाती काढून चाललो.

उन्हाळ्यात मामेबहिणीचं नाव भरतीच्या तात्पुरत्या यादीत खेळाडू कोट्यातून लागलं. हा खेळ त्या कोट्यात बसतो का, याचा निर्णय वरून यायचा होता. त्याआधी प्रमाणपत्राची पडताळणी. पडताळणीच्या कार्यालयातल्या साहेबांनी तिच्यासमोर फाइल उघडली, आणि त्यात माझं पत्रक लावलेलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "इथे लिहिलंय एकही जण उतरला नाही. मग तुम्ही कशा उतरलात?" त्या माणसाचं काही चुकलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं.

हे मला तिने घरात सांगितलं नाही. तलावात तेव्हा मधोमध थोडं पाणी उरलं होतं. "चल, पलीकडं जाऊन येऊ," म्हणाली आणि मला तराफ्यावर बसवलं. मधे आल्यावर तिने बांबू चिखलात रोवला. तराफा थांबला.

"दादा, ती पत्रकं तू लिव्हलीस ना?"

मी विचारलं, कशावरून.

"पाण्याला पाय न लावता. आसं तूच बोलतूस. शिव्यासुदा तू भाषणावानी देतूस."

तिने लगेच पुढचं विचारलं.

"मी उतरलते का न्हाई त्या दिवशी?"

"उतरली होतीस."

"टाळ्या वाजवल्या का न्हाई तू?"

"वाजवल्या."

"मग एकही जण म्हंजी? मी जण न्हाई का?" तिचा आवाज चढला नाही. "त्या चोरायला बुडवायचं व्हतं तर बुडवायचं. मला कावून त्यांच्या गाठोड्यात बांधलंस? आन् नाव न्हाई खाली. मामा तर म्हणायचे, नाव नसलेला कागद चुलीत घालावा."

तिचे मामा म्हणजे माझे वडील. तिने बांबू उपटला आणि मला काठावर आणून सोडलं. एकटी पलीकडे गेली.

मी दुसरं पत्रक काढलं. काय बघितलं ते जसंच्या तसं लिहिलं. कोण उतरलं, कोण नाही, जॅकेट कसं फिरलं, शर्यत कोण जिंकलं. पहिल्या पत्रकातलं कुठलं वाक्य खोटं होतं, तेही लिहिलं. बुडाशी माझं पूर्ण नाव, गाव आणि छापखाना. ते घेऊन मी साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी ठेवली. "आधीचंही तुमचंच? मग आता कुठल्यावर विश्वास ठेवू? आणि तुम्ही नातेवाईक. दुसरा साक्षीदार आणा."

दुसरा साक्षीदार कुठून आणू? स्पर्धेच्या दिवशी गाव उसाच्या फडात होतं. शर्यतीतल्या बाकीच्या तिघी बाहेरगावच्या, त्यांचे पत्ते फक्त सरांकडे. पारावरच्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक वारला, दुसऱ्याला पाण्यापलीकडचं दिसत नाही. प्रशिक्षकाने संघटना सोडली, त्याचा नंबर बंद आहे. सर साक्ष द्यायला एका पायावर तयार आहेत. पण ते म्हणतात की यादीतले सगळेच उतरले होते. त्यांनी तोंड उघडलं की तिचं खरंही खोट्यात जातं. तिच्याजवळ एकच फोटो आहे, काठावर वल्हं धरून उभी असतानाचा. सगळ्यांकडे आहे तसाच.

प्रकरण अजून विचाराधीन आहे. हा खेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती फळीवर उभी असताना मी तिला पाहिलं आहे. पण ज्या खेळाला अजून धड मालक नाही, तो आमच्यापर्यंत पोहोचला तेव्हा आधी प्रमाणपत्र आलं आणि मग पाणी आलं. आम्हीही त्याला तसंच घेतलं. फळी कशी चालते हे विचारणारे थोडे होते, कोट्यात चालते का हे विचारणारे सगळे. त्यांत मीही होतो.

आता तुम्हाला सांगतो, त्या दिवशी ट्रॅकसूट घालून काठावर रांगेत उभ्या असलेल्यांना. तुम्ही हे वाचाल. क्लासच्या गल्लीत माझं सगळं वाचलं जातं, शिव्या देण्यासाठी का होईना. तुमच्यातले काही मला ओळखतात आणि रस्ता बदलतात. तुम्हाला वाटतं की खरं सांगितलं तर आपलं प्रमाणपत्र जाईल. जाईल. ते तुमचं नव्हतंच.

तुमच्या फोनमध्ये त्या दिवशीचे सेल्फी असतील. ते उघडा. स्वतःचा चेहरा सोडा, खांद्याच्या मागे बघा. पाण्यावर बाभळीच्या बाजूला एक ठिपका दिसेल. बोटांनी मोठा करा. कमरेला ओढणी बांधलेली एक मुलगी उभी असेल. तो फोटो छापून घ्या, मागे काय बघितलं ते दोन ओळींत लिहा आणि पडताळणीच्या कार्यालयात देऊन या. आणि खाली तुमचं पूर्ण नाव लिहा.